गजराआत्या बेट बघते

आटपाट नगराच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. ही आटपाट बेटाची.

समुद्राच्या काठाला शिरगळ नावाचं गाव होतं आणि गावासमोर, पाण्यात पाचूचा खडा पडावा तसं, एक हिरवंगार बेट होतं. त्या गावात तानू राहायची. नऊ वर्षांची. तिला आई नव्हती, बाप नव्हता. होती ती एक आत्या, गजराआत्या. दोघी नारळाच्या झावळ्यांचे झाप विणायच्या आणि त्याच्या बदल्यात मिळतील तेवढ्या तांदळांची पेज करून प्यायच्या. पेज इतकी पातळ, की वाटीच्या तळाची फुलं मोजून घ्यावीत. भरलेली वाटी आत्याची, असा तानूचा नियम. भरलेली वाटी तानूची, असा आत्याचा. रोज यावरून भांडण व्हायचं आणि पेज निवून जायची. गरिबाघरी माया अशीच असते, भांडखोर.

दोन वर्षांपूर्वी आत्याला ताप आला. ताप गेला, पण जाताना पाय घेऊन गेला. एके काळी ही बाई वाळूवरून धावायला लागली की कुत्रीसुद्धा मागे पडायची. आता ती ओसरीवर बसून झाप विणायची आणि जिभेने सगळ्या गावाला धावायला लावायची.

या गावाची एक रीत होती. दर पाच वर्षांनी देवाचा कौल व्हायचा, ढोल वाजायचा, आणि सगळं गाव तीन दिवसांसाठी गाव सोडून समोरच्या बेटावर जायचं. गावपळण म्हणतात तिला. गावात माणूस राहायचं नाही, कोंबडी राहायची नाही, चुलीत विस्तव राहायचा नाही. तीन दिवस गाव देवाचं. माणसांनी बेटावर झापांच्या झोपड्या बांधायच्या, रांधायचं, खायचं, पोहायचं, गाणी म्हणायची. लोक सुट्टीसाठी कुठं कुठं जातात. शिरगळच्या लोकांना देवच सुट्टीवर पाठवायचा.

आत्या म्हणाली, मला इथंच ठेवा, देव मला मोजायचा नाही. पण रीत म्हणजे रीत. चौघा बाप्यांनी तिला गोणपाटाच्या झोळीत घातलं आणि होडीकडे नेलं. आत्या आतून ओरडत होती, डावीकडे घ्या, खडक बघा. तेव्हा गावाचा कारभार बघणाऱ्या गावकारांची बायको, जयवंतीकाकू, हसत म्हणाली, "जपून रे बाबांनो. बटाट्याचं पोतं परवडलं, ते निदान गप्प तरी बसतं."

सगळे हसले. आत्या गप्प झाली.

बेटावर झोपडीत ठेवल्यावर तिने झापाच्या भिंतीकडे तोंड फिरवलं. पेज घेतली नाही. बोलली नाही. तानूला आठवलं, शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी असंच एकदा भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, आणि ते पुन्हा वळलेच नव्हते.

बाहेर पोरं पाण्यात उड्या मारत होती. तानू कळशी घेऊन झऱ्यावर गेली. बेटावर गोड्या पाण्याचा तो एकच झरा होता, उंडीच्या बनात. सकाळपासून सगळ्या गावाने त्यात भांडी बुडवली होती, बकऱ्यांनी खूर घातले होते. पाणी नुसता चिखल झालेला. तानूने कळशी बाजूला ठेवली. ओंजळीने गाळ काढला, पानं वेचली, काठाला गोटे लावले, आणि पाणी निवळेपर्यंत बसून राहिली. निवळल्यावर आधी दोन तहानलेली पाखरं उतरली. तिने त्यांना पिऊ दिलं.

"पाणी सगळेच नेतात," झाडावरून आवाज आला. "झऱ्याकडे कुणी बघत नाही."

उंडीच्या पांढऱ्याशुभ्र फुलात, पिवळ्याधमक केसरांच्या गादीवर, एक परी बसली होती. पऱ्या गोऱ्यापान असतात असं तुम्हांला कुणी सांगितलं असेल, तर त्याने परी बघितलेली नाही. ही पिकल्या जांभळासारखी काळी आणि तुकतुकीत होती, करंगळीएवढी. लुगडं समुद्राच्या रंगाचं, इकडून निळं, तिकडून हिरवं. पाठीला चतुराचे पंख, आणि त्यांवर उन्हाचे बारीक बारीक कण चमचमत होते.

तानू घाबरली नाही. ती म्हणाली, "माझ्या आत्याचे पाय बरे कर."

"ते माझ्याकडे नाही गो," परी हळू आवाजात म्हणाली. "मी बेटाची परी. बेटावर आलेल्याला बेटावर असेपर्यंत जे बघायचं, करायचं असेल, तेवढंच मला देता येतं."

मग तिने नियम सांगितले. तीन दिवस, तीन मागण्या. एक मागणी एकाच माणसाला लागेल. किनाऱ्यावर हत्तीसारखा एक खडक आहे, भरतीचं पाणी त्या हत्तीखडकाला टेकलं की दिलेलं सरेल. आणि बेटावरून काही घरी न्यायचं नाही.

तानूने विचार केला. आत्या उठत नाही, तर आत्यासाठी काहीतरी बघून यावं आणि तिला सांगावं. ती म्हणाली, मला समुद्राचा तळ दाखव.

परीने टाळी वाजवली, आणि तानू पाण्याखाली चालू लागली, जणू अंगणातच. काय ती बाग! पोवळ्यांची झाडं, लाल, केशरी, जांभळी. हळदीच्या रंगाचे इवले इवले मासे थव्याने वळत, जशी सोन्याची ओढणी झटकावी. एक कासव तिच्याजवळून गेलं, सावकाश, मोठ्या घरच्या आजोबांसारखं. पाण्यातून उन्हाच्या पट्ट्या खाली येत आणि वाळूवर जाळी विणत. हत्तीखडकाला पाणी टेकलं तशी ती काठावर येऊन पडली, केस ओले, डोळ्यांत सगळे रंग.

तिने झोपडीत येऊन आत्याच्या पाठीला सगळं सांगितलं. पाठ ऐकत राहिली. शेवटी आत्या भिंतीकडेच बघत म्हणाली, "पोवळ्यांच्या पुढे, पलीकडच्या काठाला, पांढरी वाळू आहे. तिथवर गेलीस?"

तानू नाही म्हणाली.

"मी गेले होते. एका दमात."

आता तुम्ही म्हणाल, बोलली, बरं झालं. पण ज्याला जाता येत नाही त्याच्यापुढे आपण जाऊन आलेलं मांडलं, की तो आणखी एकटा होतो. तानूलाही ते उमगलं. दुसऱ्या दिवशी ती झऱ्यावर धावत गेली आणि म्हणाली, "आज आत्याला पळू दे."

परीने मग टाळी वाजवली.

झोपडीतून आत्या उठून बाहेर आली. तिने आधी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग पदर खोचून जी सुटली! फेसातून, शिंपल्यांतून, ओल्या चकचकीत वाळूवरून. तिच्या बरोबरीने समुद्रात डॉल्फिनांचा कळप उड्या घेत चालला होता, रुपेरी कमानी करत. गाव चुली सोडून बघायला उभं राहिलं. आत्या वळणावरून दिसेनाशी झाली, हसण्याचा आवाज तेवढा मागे राहिला.

आणि बेटाच्या पलीकडच्या अंगाला ती असताना भरतीचं पाणी हत्तीखडकाला टेकलं.

ती वाळूत पडलेली सापडली. माणसांनी झोळी आणली. पुन्हा तीच झोळी. तानू बाजूने रडत चालत होती. झोपडीत आल्यावर आत्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत राग होता.

"पाय मला एकदा सोडून गेले होते," ती म्हणाली. "ते दुःख जुनं झालं होतं. आज तू ते नवं केलंस. मला विचारलं होतंस?" आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

तानूने विचारलं नव्हतं. झोळीत घालणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, हसणाऱ्यांनी विचारलं नव्हतं, आणि जिचा आत्यावर सगळ्यांत जास्त जीव तिनेही विचारलं नव्हतं. माया असली की विचारायची गरज नाही असं माणसांना वाटतं. साफ चूक.

ऊन कलत होतं. लाटा येत होत्या, जात होत्या. तानूने नाक पुसलं आणि भिंतीच्या आणि आत्याच्या तोंडाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरून बसली.

"आत्या, तुला काय हवं आहे?"

दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणी घातला नव्हता, म्हणून उत्तर शोधावं लागलं.

"उसने पाय नकोत," ती म्हणाली. "मला सरळ बसून फिरायचं आहे. झोळीत नुसतं आभाळ दिसतं गो, आणि वाकून बघणारी तोंडं. मला बेट बघायचं आहे. आणि तुला दाखवायचं आहे. काल तू बघितलंस ते काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," आत्या ठसक्यात म्हणाली.

मग ती कोपरांवर उठली, आणि दोन दिवस जिच्याकडे तोंड करून पडली होती ती झापाची भिंत तिने ओढून काढली. भसकन उजेड आत आला. तिने झाप सोडवले, पट्ट्या ओल्या केल्या आणि विणायला घेतलं. बोटांना काही झालं नव्हतं. दिवेलागणीच्या आत खुर्ची तयार झाली. पाठीला उंच, हातांना टेकायला गोल, खाली काठ्यांचे चार पाय, आणि पाठीवर घ्यायला दोन पट्टे.

तिसऱ्या दिवशी तानू परीला म्हणाली, "आजची मागणी माझ्यासाठी. मला अंगात बळ दे. आत्याला पाठीवर घेऊन बेट फिरायचं आहे."

परी हसली, तेव्हा आजूबाजूची सगळी फुलं उघडली. "दोन दिवस मी वाट बघत होते," ती म्हणाली, आणि टाळी वाजवली.

तानूने खुर्ची उचलली ती कापसाच्या पुंजक्यासारखी. आत्या उंच बसली, ताठ, केसांत उंडीचं फूल खोचून. आणि बेटाची फेरी सुरू झाली. खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं होती. काडी लावली की मिटत, सोडली की उमलत. केवड्याच्या बनात वाराच सुगंधी होता. गुहेत पाकोळ्यांची हजार घरटी, इवल्या इवल्या वाट्यांसारखी छताला चिकटलेली. आत्या बोट दाखवायची आणि सांगायची: हा शंखातला खेकडा घर बदलतो, तो बगळा लंगडा नाही, ढोंग करतो, इथं कान लाव, खडकात समुद्र घोरतो. पाण्यात खेळणारं एक पोर थांबून ऐकू लागलं. मग तीन. मग गावातली सगळीच पोरं मागे. त्यांनी हे सगळं तीन दिवस बघितलं होतं आणि काहीच पाहिलं नव्हतं.

पांढऱ्या वाळूशी त्या पोचल्या, तेव्हा कासवाची पिल्लं बाहेर पडत होती. बटणाएवढ्या डोळ्यांची, धडपडणारी, समुद्राकडे निघालेली. पोरांनी श्वाससुद्धा जपून घेतले. शेवटचं पिल्लू पाण्यात गेलं, आणि तेवढ्यात पाणी हत्तीखडकाला टेकलं.

तानूचं बळ गेलं. तिने दात खाऊन खुर्ची धरली, पण ती नऊ वर्षांची मुलगी होती आणि आत्या ही आख्खी आत्या होती.

"ठेव गो खाली," आत्या म्हणाली. "दमलीस."

तानूला वाटलं, आता झोळी येणार. पण एका मुलीने खुर्चीचा एक कोपरा धरला, दुसऱ्या पोराने दुसरा. आठ हात, बारा हात, वीस हात. खुर्ची उचलली गेली. पोरं शोधायला आलेली जयवंतीकाकू वाटेतच उभी होती. आत्याने वरून तिच्याकडे बघितलं.

"जयवंती, खुर्चीचा मागचा पाय लटपटतोय. धर."

काकूच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. ती आली आणि तिने मागचा पाय धरला. चालता चालता, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती म्हणाली, "परवा मी बोलले ते वाईट होतं."

"होतंच," आत्या म्हणाली. "तो लंगडा बगळा बघितलास का?"

होड्या सुटायच्या वेळी तानू झऱ्यावर निरोप घ्यायला गेली. मागायला आता काही उरलं नव्हतं. तिने फक्त आभार मानले.

"बेटावरून काही न्यायचं नाही असा माझा नियम आहे," परी म्हणाली. "नियम माझा आहे, मोडायचा तर मीच मोडीन. पहिल्या दिवशी तू आत्यासाठी बघितलंस. दुसऱ्या दिवशी आत्यासाठी मागितलंस. पण मग तू आत्याला विचारलंस. त्याचं माझ्याकडून हे."

तिने पंख झटकले. उन्हाचे कण उडाले, भिरभिरत किनाऱ्याकडे गेले आणि खुर्चीच्या वीण-वीणीत जाऊन बसले. खुर्ची पिसासारखी हलकी झाली, आत्यासकट. एका लहान मुलीने बोटावर तोलावी इतकी, आणि कायमची. मग परीभोवतीचा उजेड वाढत गेला, आधी निळा, मग हिरवा, मग डोळ्यांना सोसेना असा पांढरा. तानूने डोळे मिटून उघडले, तर फांदी नुसती हलत होती.

गाव घरी आलं. चुली पेटल्या, कोंबड्या आपापल्या खुराड्यात गेल्या. तानू दमून झोपली.

सकाळी तिला कुणीतरी हलवून जागं केलं. आत्या खुर्चीत ताठ बसली होती, वेणी घातलेली, आणि ओसरीच्या पायरीवर गावातली पाच-सहा पोरं ताटकळत बसलेली.

"ऊठ गो," आत्या म्हणाली. "आज कुठं जायचं?"

समुद्राची कहाणी समुद्राला, वाळूची कहाणी वाळूला. आणि ऐकणाऱ्याला घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलेलं दिसलं, तर मधल्या चिंचोळ्या जागेत शिरून विचारायची बुद्धी होवो.