आधी कोणाच्या दारात?

“पण शेख, दोन्ही घरांत मयत झालेलं असेल, तर कोणी कोणाच्या दारात जायचं?”

शेख इद्रिस चुलीवरच्या कॉफीकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला काय विचारतोस? तू तर उत्तर घेऊन आलायस.”

उत्तर तमीमकडे खरंच होतं.

जेरुसलेमच्या दक्षिणेला, डोंगरावरच्या एका अरब गावात ही गोष्ट घडली. शेख इद्रिस तिथले जुने सुल्हा करणारे. सुल्हा म्हणजे खून पडलेल्या दोन घरांत समेट घडवून आणणं. कोर्टाने शिक्षा होते, सुल्हाने झोप लागते, असं शेख म्हणायचे. त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र एका सुल्हानंतर घर सोडून गेला होता.

तिची रीत ठरलेली आहे. मारणाऱ्याच्या घरचे लोक मेलेल्याच्या घरी जातात. गावातली वडीलधारी माणसं पुढे आणि हे मागे, मान खाली घालून. घरधनी त्यांच्यापुढे कडू कॉफीचा पेला ठेवतो. पाहुण्याने पेल्याला हात लावायचा नाही. आधी गुन्हा कबूल करायचा, मग समेट मागायचा. मेलेल्याचा बाप ‘प्या’ म्हणाला, की समेट झाला. तो काहीच बोलला नाही, तर कॉफी निवून जाते आणि पाहुणे आल्या वाटेने परत जातात.

तमीम हा त्यांचा शिष्य. परदेशात कायदा शिकून आलेला. शांततेवर भाषणं द्यायला त्याला मोठ्या हॉटेलांतून बोलावणी यायची. तिथली शांतता बहुतेक जेवणाआधी यायची आणि जेवण झालं की निघून जायची. हे तमीमलाही कळत होतं, म्हणूनच तो डोंगर चढून शेखकडे आला होता. पोरगा हुशार होता. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याचा धाकटा भाऊ हिशाम तपासणी नाक्यावर ज्यू सैनिकाच्या गोळीने गेला होता. कामावरून घरी येत होता. गोळी कोणी झाडली, का झाडली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्याच वर्षी दोन मुलखांच्या मधल्या भिंतीपलीकडच्या शहरात एक बस उडाली. तिच्यात नोगा नावाची ज्यू मुलगी गेली. बस उडवणारा तमीमच्याच कुळातला होता, लांबचा चुलतभाऊ. नोगाच्या बापाचं नाव ओवेद.

तमीमच्या मनात आलं होतं, की या दोन बापांची सुल्हा करायची. एक झाली की दुसरी होईल, दुसरी झाली की दहा होतील. करारांवर सह्या करणारे थकले, आता बाप बोलतील.

कल्पना चांगली होती. अशा कल्पना चांगल्याच असतात.

“माझा बाप तयार आहे, शेख. बाहेर बसलाय. मी त्याला बरोबर घेऊन आलोय.”

“कशाला तयार आहे?”

“माफ करायला.”

“आणि तो ओवेद?”

“तोही तयार आहे म्हणतात. माफ करायला.”

शेखनी कॉफी खाली उतरवली.

“म्हणजे दोघंही आपापल्या घरात कॉफी उकळत बसलेत. पाहुणा कुठंय?”

तमीमने नकळत दाराकडे पाहिलं.

“माफ करायला साऱ्या मुलखात माणसं तयार आहेत,” शेख म्हणाले. “या डोंगरावर तयार आहेत, त्या डोंगरावर तयार आहेत. दारात येऊन उभं राहणारा दाखव.”

“मी उभा राहतो. मला शिकवा.”

“मग बाहेर जा.”

शेखची शिकवायची एवढी एकच पद्धत होती. शिष्याने बाहेर जायचं आणि मारणाऱ्याच्या घरचा माणूस होऊन आत यायचं. शेख मेलेल्याचा बाप होऊन बसायचे. आजवर तमीमने इतरांची भांडणं अशी खेळून पाहिली होती. दोन भावकींचं, विहिरीवरून खून झालेल्या घरांचं. त्यात तो तरबेज झाला होता.

“आज तुम्ही कोण?” त्याने उंबऱ्यावर थांबून विचारलं.

“ओवेद.”

तमीम बाहेर गेला. दाराशेजारच्या दगडी ओट्यावर त्याचा बाप, अबू तमीम, काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“झालं का रे?”

“होतंय, याबा.”

बापाला तो असंच म्हणायचा. बापाने मान हलवली. म्हातारा पोराच्या हट्टापायी इथवर आला होता. हिशाम गेल्यापासून त्याने मोठ्याचा एकही शब्द खाली पडू दिला नव्हता. आता एकच उरला, असं तो म्हणायचा.

तमीम मान खाली घालून आत आला. बसला. शेखनी पेला पुढे ठेवला. दार उघडंच होतं.

“तुमच्या मुलीचा दुर्दैवी मृत्यू झाला. आम्हाला अत्यंत...”

“दुर्दैव कुठल्या गावचं होतं?”

“काय?”

“ते बसमध्ये आपोआप चढलं नव्हतं. कुठल्या गावचं, कोणाचं पोर?”

तमीमचे कान तापले. हॉटेलांत त्याला असं कोणी अडवलं नव्हतं. तो उठला, बाहेर गेला, पुन्हा आत आला.

“आमच्या घरातल्या मुलाने तुमच्या नोगाला मारलं. आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत. पण...”

शेखनी पेला उचलला आणि त्यातली कॉफी मोरीत ओतून टाकली.

“मी पुढचं बोललोसुद्धा नाही!”

“पुढचं मला पाठ आहे.”

आता मात्र तमीम भडकला. तो उभा राहिला आणि पुढचं सगळं बोलला. आजोबांची गेलेली जमीन बोलला. शेताच्या मधून गेलेली भिंत बोलला. हिशाम नाक्यावर पडला होता आणि आईला त्याच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं, ते बोलला. बोलताना त्याचा आवाज चिरकला.

“यातलं काही खोटं आहे का, शेख?”

“एक शब्द खोटा नाही.”

“मग?”

“दुसऱ्याच्या मयताला जाताना आपलं मयत खांद्यावर घेऊन जातात का?”

...

“आणि मी बॉम्ब ठेवला नव्हता,” तमीम जरा वेळाने म्हणाला. आवाज खाली आला होता. “माझ्या बापानेही नाही. त्या चुलतभावाशी आमचं बोलणंही नव्हतं.”

“ज्याने केलं तो तुरुंगात असतो, नाहीतर मातीत. सुल्हाला नेहमी निर्दोष माणूसच येतो. तुला एवढंही माहीत नव्हतं?”

माहीत होतं. दुसऱ्यांच्या भांडणात माहीत होतं.

“मग त्यांनीही यावं ना!” तमीम म्हणाला. “नेहमी आम्हीच का? ओवेदने यावं. इथे बसावं. हिशामला आम्ही मारलं म्हणावं.”

“मंगळवारी आला होता.”

“इथे?”

“तू बसला होतास तिथेच. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आणलं होतं. त्या दिवशी मी हिशामचा बाप झालो होतो.”

“काय म्हणाला तो?”

“तू म्हणालास तेच. आमच्या घरातल्या मुलाने तुमच्या हिशामला मारलं. आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत. पण.” शेखनी पेला फडक्याने पुसला. “‘पण’पर्यंत तुमचं शब्दाला शब्द जुळतं. पुढे एक शब्द जुळत नाही.”

“मग तुम्ही...”

“त्याचीही ओतून टाकली. तोही असाच उभा राहून ओरडला. त्याच्याही बोलण्यात खोटं काही नव्हतं.”

बाहेर ओट्यावर काठी हलल्याचा आवाज आला. मग शांत झालं.

तमीम दाराकडे गेला. शिष्याच्या मनात त्या घडीला काय होतं, ते सांगून टाकतो. पश्चात्ताप नव्हता. ईर्षा होती. जे त्या ओवेदला जमलं नाही ते मी करून दाखवतो, अशी ईर्षा. चांगली कामं पुष्कळदा अशाच खोट्या कारणाने सुरू होतात.

तो तिसऱ्यांदा आत आला. बसला. शेखनी पेला भरून पुढे ठेवला.

“आमच्या घरातल्या मुलाने तुमच्या नोगाला मारलं.”

शेख त्याच्याकडे बघत होते.

“आम्ही तुमचे गुन्हेगार आहोत.”

...

“ती सुटीत घरी येत होती. मी वाचलंय. तिच्या आईने...” तमीम थांबला. “तिच्या आईने जेवण झाकून ठेवलं होतं.”

त्याच्या स्वतःच्या आईनेही हिशामचं ताट झाकून ठेवलं होतं, आणि दोन दिवस कोणाला ते उघडू दिलं नव्हतं. ते त्याच्या अगदी ओठावर आलं. त्याने ते गिळलं. खरंच गिळलं, गळ्याशी घाटी हललेली दिसली.

“ते जेवण आम्ही वाया घालवलं,” तो म्हणाला. “आम्ही मारलं तिला. आम्ही तुमच्याकडे समेट मागायला आलोय. आमच्याकडे दुसरं काही सांगायला नाही.”

आणि तो थांबला. ‘पण’ म्हणाला नाही.

शेखच्या हनुवटीवरची दाढी थरथरत होती. इतक्या सुल्हा केलेल्या माणसाला रडू येत असेल असं कोणाला वाटलं नसतं. त्यांना ते आलं.

“पी,” ते म्हणाले.

तमीमने दोन्ही हातांनी पेला उचलला आणि प्यायला.

“गोड लागली?”

दारात त्याचा बाप उभा होता.

“याबा...”

“कॉफी गोड लागली का रे?”

“याबा, हा सराव होता. शेख मला शिकवत होते.”

“सराव होता ना. म्हणूनच कळलं, तुला किती सहज जमतं ते.” म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “मी माफ करायला आलो होतो. डोंगर चढून आलो, गुडघे धरून आलो. माझ्या मेलेल्या पोराच्या वतीने माफ करायला आलो. आणि तू आत बसून त्यांच्या पाया पडतोस?”

“याबा, एकदा ऐका...”

“सगळं ऐकलं. तिचं जेवण आठवलं तुला. हिशामचं नाव एकदा तरी घेतलंस?”

तमीमकडे उत्तर होतं. आपण ते नाव कसं गिळलं हे त्याला सांगायचं होतं. पण ते सांगायला सुरुवात कुठून करायची तेच त्याला कळेना. पेला अजून त्याच्या हातात होता.

“भावाच्या रक्तावर पाणी सोडलंस,” बाप म्हणाला.

मग तो शेखकडे वळला.

“शेख, गावात सांगा. आजपासून मला अबू हिशाम म्हणायचं.”

तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. अबू तमीम म्हणजे तमीमचा बाप. तमीम जन्मला त्या दिवशी म्हाताऱ्याला ते नाव मिळालं होतं आणि गल्लीत मिठाई वाटली होती. थोरला जिवंत असताना कोणी धाकट्याच्या नावाने स्वतःची ओळख सांगत नाही.

शेख काही बोलले नाहीत. अशा वेळी बोलायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं, त्यांची हिंमतही झाली नाही.

म्हातारा निघाला. जैतुनाच्या झाडांमधून उतरणाऱ्या पायवाटेवर त्याची काठी टकटक वाजत राहिली. एकदा तो अडखळला. तमीम धावणार होता, पण म्हाताऱ्याने मागे न बघताच हात वर करून त्याला थांबवलं.

तमीम कितीतरी वेळ दारात उभा होता.

“तुम्हाला माहीत होतं तो ऐकतोय,” तो म्हणाला.

“हो.”

“मग दार का नाही लावलंत?”

“दार लावून मोठ्या लोकांच्या कितीतरी सुल्हा झाल्या. परदेशात झाल्या, हिरवळीवर झाल्या, फोटो काढून झाल्या.” शेखनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “घरच्यांनी ऐकलं, की मोडल्या.”

“म्हणजे हे कधीच होणार नाही?”

शेख चुलीतली राख सारू लागले.

“ओवेदने उद्या ‘पण’ न म्हणता सगळं म्हटलं, तर?”

“त्याच्याही घराला दार असेल.”

तमीम उंबऱ्यावर बसला. कायदा, भाषा, हॉटेलं, काही उपयोगी पडेना. सकाळी तो दोन देशांचं भांडण मिटवायला निघाला होता. आता त्याला गावच्या खालच्या आळीत, आपल्याच घरी जायची भीती वाटत होती. आईला काय सांगायचं? बापाने सांगून टाकलं असेल तर ती काय म्हणेल?

“मी याबाच्या दारात जातो,” तो शेवटी म्हणाला. “आत्ताच जातो. मान खाली घालून जातो. पण बापाकडे जायची रीत काय, शेख? काय बोलायचं?”

“त्याला रीत नाही.”

“नुसतं उभं राहायचं?”

“नुसतं उभं राहायचं.”

“किती दिवस?”

...

“मला विचारू नकोस, पोरा,” शेख इद्रिस म्हणाले. “मी अजून माझ्या मुलाच्या दारात उभा आहे.”