जलपर्णीवरची लाल चिंधी

विष फवारून घरी जाणारे दुसऱ्या दिवशी तिथे काय उरले ते पाहायला येत नाहीत. तण मेले एवढे त्यांना पुरते. तणाबरोबर आणखी काय मेले, असे कोणी विचारले तर तो त्यांना प्रगतीचा शत्रू वाटतो. अशांशी वाद घालून काही निघत नाही. त्यांना गोष्ट सांगावी, आणि ती सांगताना आपणही त्यांच्यापैकीच एक आहोत का, हे मनाशी तपासावे.

एकदा एका विस्तीर्ण तळ्याच्या बांधावर एक वृद्ध आचार्य झोपडी बांधून राहत असत. बांधाखाली भोयांची वस्ती होती. त्याच वस्तीतला एक तरुण शहरात शिकून परतला आणि आचार्यांपाशी शिष्य म्हणून राहिला. बुद्धीने तल्लख होता, मनाने निर्मळ होता. फक्त थांबणे त्याला ठाऊक नव्हते.

त्या वर्षी तळ्यात जलपर्णी माजली. निम्म्याहून अधिक पाणी हिरव्या गादीखाली गेले. दुरून पाहणाऱ्याला जांभळ्या फुलांचा मळाच दिसे. पण भोयांना ती फुले पाहवत नसत. गुऱ्हाळावरची रुंद लोखंडी काहील पाण्यात लोटायची, तिच्यात बसून वल्हवत जायचे आणि जाळे टाकायचे, ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची रीत. आता काहील चार हात पुढे सरकली की दाट मुळांत रुतून बसे. जाळी खुंट्यांवर वाळत पडली होती. दसऱ्यापर्यंत पाणी मोकळे झाले नाही, तर बिऱ्हाडे पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जायचे, असे वस्तीने ठरवले होते.

शिष्याने सगळ्यांसमोर शब्द दिला, "दसऱ्याला जाळं पाण्यात पडेल."

त्याची आत्या सगुणा तिथेच जाळ्याची भोके सांधत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "शब्द दिलास ते बरं केलंस बाबा. तळून खाता येतो का बघते."

सगळे हसले. शिष्याला ते हसणे झोंबले. त्याच आठवड्यात त्याने तालुक्याच्या एका व्यापाऱ्याकडून तणनाशकाचे डबे आणि पाठीवरचा पंप आणला आणि आचार्यांसमोर ठेवला.

"परवानगी द्या. पंधरवड्यात तळं उघडून दाखवतो."

आचार्यांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला. "आणि पाणपक्षी?"

"त्यांचा विचार केलाय. कमळपक्ष्यांची घरटी पूर्वेच्या कोपऱ्यात आहेत. मी पश्चिमेला, बांधाच्या कडेनं फवारणार. तिकडं पाऊलसुद्धा टाकणार नाही. शिवाय डब्यावर लिहिलंय, पक्ष्यांना अपाय नाही."

"लिहिलं असेल." आचार्य उठले. आपल्या जुन्या लाल उपरण्याची कड त्यांनी टरकन फाडली आणि ती चिंधी शिष्याच्या हातात दिली. "पहिला फवारा ज्या झाडोऱ्यावर मारणार आहेस, त्याला ही बांधून ये. फवारायचं ते उद्या."

"चिंधी कशाला?"

"बांधून तर ये."

शिष्य निमूटपणे गेला, पण मनात धुमसत होता. वस्ती उपाशी मरायला टेकली आहे आणि म्हाताऱ्याला चिंध्या सुचताहेत. बांधाला लागून असलेल्या जलपर्णीच्या एका भरघोस गड्ड्याला त्याने चिंधीची घट्ट गाठ मारली. एक दिवस फुकट गेला, असे म्हणत तो परतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध कालवून, पंप पाठीवर घेऊन तो बांधावर आला, तर चिंधी नाही. जिथे काल हिरवी गादी होती, तिथे आज उघडे पाणी चमकत होते. कोणी तरी खोडी केली असे त्याला वाटले. तो तडक आचार्यांकडे गेला.

"चिंधी कोणीतरी काढून नेली."

"कोणीतरी नेली खरी," आचार्य म्हणाले. "शोध."

शिष्याने काहील पाण्यात लोटली. पंप पाठीवर तसाच होता. मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यांतून वाट काढत, जलपर्णीचे एकेक बेट न्याहाळत तो पुढे गेला. ऊन वर आले. अखेर लाल ठिपका दिसला, आणि शिष्याने वल्हे थांबवले. चिंधी पूर्वेच्या कोपऱ्यात होती. त्याने स्वतः मारलेली गाठ जशीच्या तशी होती. फक्त गड्डा रात्रीतून तळे ओलांडून आला होता आणि तिथल्या पानांत मिसळून गेला होता.

भाद्रपदातला वारा दिवसातून कितीदा तोंड फिरवतो, हे त्याला लहानपणापासून माहीत होते. जलपर्णी वाऱ्यामागे सरकते, हेही त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पण फवारणीचा बेत आखताना त्याने तळ्याला शेत समजले होते. जणू प्रत्येक रोप आपापल्या जागी रोवलेले आहे आणि मध्ये बांध आहेत.

तो चिंधी सोडवायला वाकला, तोच चिंधीपलीकडची पाने हलली.

एक पक्षी पानांवरून चालत येत होता. अंग काळपट, पंख काशाच्या भांड्यासारखे तांबूस, आणि पायांची बोटे इतकी लांब की पान खचत नव्हते, नुसते डुलत होते. पण शिष्य थबकला तो वेगळ्याच गोष्टीने. त्या पक्ष्याला पाय फार होते. दोन पायांनी तो चालत होता आणि बाकीचे पाय त्याच्या पंखांखालून लोंबत होते, काडीसारखे बारीक, वाऱ्यावर हलणारे. असा जीव जगात असतो हे शिष्याने ना पुस्तकात वाचले होते, ना वस्तीत ऐकले होते. क्षणभर त्याला भीती वाटली.

पक्षी थांबला. त्याने पंख किंचित सैल केले. पंखांखालून कापसाच्या बोंडाएवढी पिल्ले एकामागून एक पानावर उतरली, आणि लोंबणारे पाय ज्याचे त्याला मिळाले. तो कमळपक्षीच होता, पिल्ले पंखांत घेऊन चालणारा. पिल्ले पानाच्या कडेवरचे किडे टिपू लागली. त्यातले एक चालत चालत लाल चिंधीपाशी आले, तिच्यावर चढले आणि तिथेच बसून राहिले.

शिष्याच्या पाठीवरच्या पंपात औषध डुचमळले. तो आवाज त्याला स्वतःलाच मोठा वाटला. पक्ष्याने एक हाक दिली, पंख उचलले, पिल्ले आत शिरली, आणि तो बहुपाद जीव डुलत्या पानांवरून दाट हिरवाईत दिसेनासा झाला. शिष्य कितीतरी वेळ हात जोडल्यासारखा बसून होता. चिंधी त्याने तशीच बांधलेली राहू दिली.

तो परत आला तेव्हा आचार्य बांधावर उन्हात बसले होते. शिष्याने पंप खाली ठेवला आणि पाहिलेले सगळे सांगितले.

"डब्यावर लिहिलेलं खोटं आहे का?" त्याने विचारले.

"कदाचित खरंही असेल. औषधानं पक्षी मरणार नाही. पण त्याच्या पायाखालचं पान पिवळं पडेल, कुजेल, बुडेल. ज्याची जमीनच पान आहे, त्याचं त्यानंतर काय होतं, ते डब्यावर मावत नाही. आणि तुझ्या आत्याच्या माशांचं? एवढा पाला एकदम पाण्यात कुजला की तो पाण्यातला प्राणवायू खातो. तळं उघडं पडेल, पण उघड्या पाण्यात मासा उलटा तरंगेल."

"मग तळं असंच गुदमरू द्यायचं?" शिष्याचा आवाज चढला. "पक्ष्यांसाठी माणसं भट्टीवर धाडायची?"

"तसं मी म्हटलंय का?" आचार्य शांतपणे म्हणाले. "जलपर्णी या तळ्याची नाही. ती गेलीच पाहिजे. पण तू तराजूच्या एका पारड्यात तण ठेवलंस, दुसऱ्यात आपली घाई ठेवलीस, आणि म्हणालास, वजन केलं. आज तणाच्या पारड्यात जे बसलेलं पाहिलंस, ते धरून पुन्हा वजन कर. मग तुझा हात काय करील, ते मी सांगायची गरज नाही."

त्या दुपारी शिष्याने वस्तीतून बांबू आणि दोर मागून आणले. पूर्वेच्या कोपऱ्याभोवती त्याने बांबूंचा तरंगता वेढा बांधला, म्हणजे आतले पान बाहेर जाणार नाही आणि बाहेरचे आत येणार नाही. मग तो वाऱ्याची वाट पाहू लागला; आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाची तरी वाट पाहत होता. वारा जलपर्णी बांधाकडे लोटू लागला की काहिलींतून दोर टाकायचे आणि सगळ्या वस्तीने मिळून ती ओढून काठावर घ्यायची. पाठी मोडून आल्या, हातांना फोड आले. औषधाचा एकच डबा उघडला गेला: बांधाच्या कोरड्या अंगाला माजलेली बेशरमाची झुडपे तोडून, त्यांच्या बुंध्यांच्या ओल्या कापांवर त्याने ब्रशने थेंब थेंब लावला. उरलेले डबे व्यापाऱ्याकडे परत गेले.

दसऱ्याला तळे अर्धेच उघडले होते. काही घरे आधीच भट्टीवर गेली होती, आणि त्यांच्या बंद झोपड्यांकडे पाहताना शिष्याची मान खाली जाई. पण दिलेल्या शब्दाप्रमाणे त्या सकाळी जाळे पाण्यात पडले. सगुणा आत्या जाळे धरून होती, शिष्य वल्हवत होता. पहिल्याच ओढीत चांदीसारखे मासे तडफडले. आत्याने त्याच्याकडे पाहिले, टोमणा मात्र मारला नाही.

वाऱ्याने काहील हळूहळू पूर्वेकडे सरकली. वेढ्याच्या आत पानांवर तो पक्षी उभा होता. पिल्ले आता पंखात मावत नव्हती. कमळपक्ष्यांत पिल्ले बापच वाढवतो; त्याच्या मागे पुढे, लांब बोटे सांभाळत ती चालायला शिकत होती. एका गड्ड्यावर विटलेली लाल चिंधी अजून होती. मासळी त्याच कडेला दाट उसळत होती, हे दोघांनाही दिसत होते.

आत्या जाळे हातात घेऊन कितीतरी वेळ पाहत राहिली. मग जाळे मांडीवर ओढून घेत हलक्या आवाजात म्हणाली, "वळव रे काहील. त्याच्या अंगणातनं नको जायला."