नातालीनची घागर

वसईच्या बागायती पट्ट्यात करंजभाट नावाचे एक लहानसे गाव आहे. पाद्रीबाबा तिथे धर्मगुरू म्हणून आले, तेव्हा गावाला ख्रिस्ती देऊळ असे नव्हतेच. फिरंग्यांच्या काळातले जुने देऊळ वादळात कोसळले, त्याला बारा वर्षे होऊन गेली होती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चिंचेखाली होई.

गावात नातालीन नावाची एक विधवा राही. तिचा बाप्तिस्मा त्या जुन्या देवळातला, लग्नही तिथलेच. तिचा नवरा बस्त्याव देवळाची घंटा वाजवी. वांग्यांचा वाफा खुरपता खुरपता तिचा हात मध्येच थांबे. सणाच्या दिवशी आळीआळीतून निघालेल्या लाल लुगड्यांच्या रांगा, वितळत्या मेणाचा वास, गर्दीतून तिला शोधणारी बस्त्यावची नजर, सारे डोळ्यांपुढे उभे राही. “मरायच्या आधी एकदा देवळाच्या कमानीखाली गुडघे टेकू दे रे देवा,” एवढेच तिचे मागणे.

पाद्रीबाबांनी बांधकाम काढले. भिंती उठल्या. पण वैशाखात उधाणाने बांध फोडला आणि गावच्या विहिरी खाऱ्या झाल्या. खाऱ्या पाण्याने चुना धरत नाही. गोड्या पाण्याची विहीर उरली एकच, इनास पाटलांची. तिच्यावर त्यांनी राखणदार बसवला. “आधी माझ्या पानवेली, मग तुमचे देऊळ!” म्हणाले.

गावकरी बैलगाडीवर पिंपे लादून डोंगराजवळच्या झऱ्याचे पाणी आणू लागले. नातालीनकडे कुठली गाडी? ती पहाटे निघे आणि डोक्यावर एक घागर घेऊन परते.

वाटेत पाटील हसत. “काय गं, एका घागरीत देऊळ बांधतेस? तुझ्या पाण्याने गवंड्याचे हात तरी भिजतात का?”

ती मान खाली घालून पुढे जाई. मनाला मात्र लागे.

कमान भरायचा दिवस आला. उन्हे वर आली आणि निरोप आला: गाडीचा आस मोडला, पिंपे फुटली, पाणी सांडले.

पावलू गवंडी घाबरा झाला. “बाबा, कमान अर्ध्यावर आहे. आज पुरी झाली नाही, तर खाली येईल. आणि पाऊस तर तोंडावर!”

“पाणी किती आहे?” पाद्रीबाबांनी विचारले.

“या म्हातारीची घागर. तेवढीच.”

नातालीनला धरणी दुभंगावी असे झाले. पाटलांचे शब्द कानांत घुमत होते. पाद्रीबाबांनी घागरीवर क्रुसाची खूण केली आणि शांतपणे म्हणाले, “ओत, नातालीन. मोजू नकोस.”

तिने ओतले. चुना कालवला गेला. पुन्हा ओतले. चुन्याचा दुसरा घाणा झाला, तिसरा झाला, आणि घागर जड ती जडच! तिसऱ्या प्रहरी कमानीचा शेवटचा दगड बसला. नातालीनने त्याच क्षणी कमानीखाली गुडघे टेकले. इतकी वर्षे कोंडलेले रडू तिला आवरेना.

बातमी ऐकून पाटील तावातावाने आले. “चमत्कार? खाली भोक पाडून नळी लावली असेल!” असे म्हणत त्यांनी घागर उचलून पाहिली, आणि काहीच सापडेना तेव्हा रागाने ती उपडी केली.

पाणी निघाले. निघतच राहिले! दारातून ओहोळ वाहिला, उतारावरून वळला आणि थेट पाटलांच्या पानमळ्यात शिरला.

त्यांच्याही विहिरीचे पाणी चार दिवसांपूर्वी खारट झाले होते. वेली पिवळ्या पडत होत्या आणि लाजेपोटी त्यांनी हे कुणालाच सांगितले नव्हते.

“बाबा, मी तर तुमचे पाणी अडवले होते,” म्हणत ते पाद्रीबाबांच्या पायांशी वाकले.

पाद्रीबाबा मागे सरले. “माझ्यापुढे नको, पाटील. पाणी मी आणले नाही.”

तेव्हा इनास पाटलांनी डोक्याचे पागोटे काढले आणि भर चिखलात नातालीनपुढे माथा टेकला. ती बिचारी गोंधळून गेली. “उठा हो पाटील, कपडे खराब होतील!”

“होऊ देत, नातालीनबाय,” पाटील म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी डोके वर उचलले नाही.