झरेकऱ्यांची घागर

पूर्वी चंपानगरीत भद्रकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दरबारात ललकारी देणाऱ्याच्या घरी जन्मला. बाप गेल्यावर ललकारीचे काम आणि त्याची चांदीची काठी बोधिसत्त्वाच्या हाती आली. दर वैशाखात राजाचे मंगलस्नान असे. त्या दिवशी ज्या समाजाचे नाव पुकारले जाई, त्याचा पुढारी आत येऊन भेट ठेवी. शेवटचा पुकारा होई, "गाळखाऊ!" मग विहिरी उपसणारे लोक निर्मळ पाण्याची घागर आणीत. त्या घागरीशिवाय स्नान होत नसे, तरी दरबार त्यांना खो खो हसे.

चौदा वर्षे बोधिसत्त्वाने हाच पुकारा केला. बापाने शिकवले तेच त्यांचे नाव, असे तो धरून चालला होता. अहो, शहाण्यालाही गाढवपणा चुकत नाही!

एकदा त्याच्या अंगणातली विहीर उपसायला त्या लोकांचा म्हातारा पुढारी सुंभ आला. बोधिसत्त्व सहज म्हणाला, "गाळखाऊ बाबा, पाणी घ्या." सुंभाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"काय झालं बाबा?"

"काही नाही, धनी. सवय आहे."

"मग तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

"झरेकरी. बुजलेले झरे मोकळे करतो ना आम्ही. पण आजवर विचारलं कुणी?"

बोधिसत्त्वाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्या स्नानाला त्याने पुकारले, "झरेकरी!" दारातले लोक जागचे हललेच नाहीत. दरबारात आपले खरे नाव ऐकू येईल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याने पुन्हा पुकारले, तेव्हा सुंभ डोळे पुसत आत आला.

अमात्य कुंडक उसळला. "पूर्वापार चाललेलं नाव बदलणारा तू कोण? आणि बोलल्याने काय अंगाला भोकं पडतात?"

"नाही ना पडत?" बोधिसत्त्व म्हणाला. "मग महाराज, नगरात तुम्हाला ढेरीराव म्हणतात. उद्यापासून तीच ललकारी देऊ?"

राजाचा हात झटकन पोटावर गेला. "जीभ छाटीन!" तो गरजला.

"छाटा, महाराज. पण भोक पडलं. सगळ्यांनी पाहिलं."

राजाने त्याची जीभ राखली, पण काठी काढून घेतली. बोधिसत्त्व झरेकऱ्यांबरोबर विहिरी उपसू लागला.

पुढच्या वैशाखात ललकारी देणारा नवा माणूस घसा ताणून ओरडला, "गाळखाऊ!" कोणी आले नाही. दाराशी सुंभ घागर घेऊन उभा होता, शेजारी बोधिसत्त्व होता. दुसरा पुकारा झाला, तिसरा झाला. अंगाला तेल लावलेला राजा पाटावर ताटकळत बसला.

"ओढून आणा त्यांना!" कुंडक म्हणाला.

"ओढा की," सुंभ म्हणाला. "घागर इथंच ओतीन. आमचं नाव घेतल्याशिवाय हे पाणी आत यायचं नाही."

शेवटी राजाच उठला आणि पुटपुटला, "झरेकरी."

"ऐकू नाही आलं, महाराज," सुंभ म्हणाला.

मग राजाने भर दरबारात मोठ्याने पुकारले. घागर आत गेली.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्षूंचे गुरू भगवान, भिक्षूंना म्हणाले, "परवा तुमच्यातल्या एकाने नव्या भिक्षूला त्याच्या जुन्या धंद्यावरून टोपणनाव ठेवले. तो नवा भिक्षू तेव्हा सुंभ होता. नाव ठेवणारा कुंडक होता. हसणारा दरबार तुम्ही होतात. आणि न विचारता चौदा वर्षे चुकीची हाक मारणारा मी होतो. विचारून, मानाने हाक मारणे ही सम्यक वाचा. आता उठा, आणि त्याला त्याचे नाव विचारा."