फरशीतली सात उखळं

घड्याळं अजून जन्माला यायची होती, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐका.

एका डोंगरी राज्यात एक किल्ला होता. किल्ल्याच्या दरवाजावर उंच नगारखाना होता. तिथे प्रहराप्रहराला चौघडा झडायचा, सनई वाजायची. जसा प्रहर, तसा राग. सनई ऐकून लोक गुरं सोडायचे, सनई ऐकून जेवायला बसायचे.

त्यातला तिसऱ्या प्रहराचा राग या नगारखान्याचा अगदी स्वतःचा. दुसऱ्या कुठल्या राज्यात तो नव्हता. गुरूने शिष्याला द्यायचा आणि शिष्याने पुढच्याला. लिहून ठेवायची रीत नव्हती.

दरवाजाबाहेर, बरोबर नगारखान्याच्या खाली, एक फरसबंद चौक होता. त्या फरशीतच सात उखळं कोरलेली होती. दुपारची जेवणं आटोपली की गावातल्या बाया तिथे भात कांडायला यायच्या. तेव्हा सनईवर थोरले बुवा असायचे. ते तिसऱ्या प्रहराचा राग मन लावून वाजवायचे आणि सनई खाली ठेवण्याआधी एक साधंसं कांडणाचं गाणं वाजवायचे. मग काय विचारता! सातही उखळांत मुसळं एका ठेक्यात पडायची, बाया गळा मोकळा करून गायच्या आणि वरचा चौघडा खालच्या मुसळांना साथ द्यायचा.

थोरले बुवा गेले आणि त्यांच्या गादीवर त्यांचा शिष्य नागोजी आला. सनईत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. तो स्वतः एका कांडपिणीचा मुलगा. पण हे आता तो कुणाला सांगत नसे.

एके दिवशी राग ऐन रंगात आला होता. नागोजीचे डोळे मिटलेले होते. तेवढ्यात खालून एका बाईने हाक दिली, "ओ बुवा, आटपा की आता! आमचं गाणं वाजवा. मुसळं खोळंबलीत!"

खाली हशा पिकला. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं हो, घाई होती बिचारीला. पण ते हसू नागोजीच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी त्याने गाणं वाजवलंच नाही. तो तडक राजाकडे गेला.

"महाराज," तो म्हणाला, "एवढा थोर राग, आणि त्याच्या शेपटाला भात कांडायचं गाणं? सोवळ्यात ओवळं कालवल्यासारखं होतंय. नगारखान्यात यापुढे रागच वाजेल, दुसरं काही नाही. आपली परवानगी असावी."

राजाला त्यातलं फारसं कळत नव्हतं. तो म्हणाला, "बुवा, सनई तुमची, तुम्ही जाणा."

चौघड्यावर येसबा नावाचा म्हातारा होता. थोरल्या बुवांपासूनचा. त्याने डोक्याला हात लावला. "अरे नागोजी, हे काय करून बसलास? आता त्या बाया काय ऐकतील?"

"राग ऐकतील, येसबाकाका."

"आजवर रागच तर ऐकत होत्या! गाण्याची वाट बघत बसायच्या, तेवढ्यात राग कानावरून जायचा. रोजच्या रोज, पोराबाळांसकट."

"असलं ऐकणं काय कामाचं? ज्याला खरी ओढ असेल, तो ऐकेल."

काही माणसं बोलून थकतात, तसा येसबा थकला.

दुसऱ्या दिवसापासून गाणं बंद झालं. पहिले काही दिवस खालून हाका आल्या, मग त्याही थांबल्या. महिन्याभरात खाली अशी शांतता झाली की सुई पडली तरी ऐकू यावी. नागोजी मनोमन सुखावला. त्याला वाटलं, आता कुठे लोकांना ऐकायची शिस्त लागली.

आता तुम्ही म्हणाल, त्याने खाली डोकावून का नाही पाहिलं? अहो, नगारखान्याच्या खिडक्या उंच, आणि नागोजीचं घर किल्ल्याच्या आतल्या अंगाला. बाहेरच्या चौकात पाय ठेवायचं त्याला कामच पडत नसे. आणि खरं सांगू? आपल्याला जे हवं असतं ते घडतंय असं वाटलं, की आपणही कुठे डोकावतो!

वर्षांमागून वर्षं गेली. नागोजीची सनई अधिकाधिक शुद्ध होत गेली. ज्या रागाला पूर्वी दोन घटका लागायच्या, तो आता तीन घटका चालायचा. पण शिकायला कोणी येईना. "येईल, खरी ओढ असलेला येईल," असं नागोजी म्हणत राहिला. मग येसबा वारला. चौघड्यावर धूळ बसली. आणि एका हिवाळ्यात नागोजीचे पुढचे दोन दात पडले.

सनईवाल्याचे दात गेले की काय होतं ते सनईवाल्यालाच ठाऊक. सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत ठरेना, फुंक भलतीकडेच निसटू लागली. राग मनात जसाच्या तसा होता, पण बाहेर येईना. आपल्या पश्चात हा राग कुणाकडे?

त्याने सनई फडक्यात गुंडाळली आणि कितीतरी वर्षांनी तो दरवाजाबाहेरच्या पायऱ्या उतरला.

चौकात चिटपाखरू नव्हतं. सातही उखळांत माती भरली होती. एकात तर तरवडाचं झुडूप चांगलं कमरेएवढं वाढलं होतं. नागोजी त्याच्याकडे बघतच राहिला. ज्या शांततेचा त्याला इतका अभिमान होता, ती ही होती.

काठी टेकत तो गावात गेला. एका परसातून मुसळाचा आवाज येत होता. भिवरा नावाची एक तरुण बाई भात कांडत होती. म्हातारा माणूस दारात बघून तिने मुसळ थांबवलं आणि पाणी आणून दिलं.

"पोरी," नागोजी म्हणाला, "नगारखान्यातला दुपारचा राग कधी ऐकलायस?"

भिवरा गोंधळली. "आजोबा, कामाच्या घाईत तिकडे कोण कान देतं? तिथे अजून काही वाजतं का?"

नागोजीने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग त्याने धीर करून तिला राग म्हणून दाखवला, दात पडलेल्या तोंडाने, जमेल तसा. भिवराने पदर सावरून अदबीने ऐकला.

"छान आहे, आजोबा. पण लांब आहे हो. कामात आहे मी, राग मानू नका." आणि मुसळ उचलून ती आपलं गाणं गाऊ लागली.

नागोजी उठला, आणि तसाच खाली बसला. ते थोरल्या बुवांचं गाणं होतं. आणि गाण्याचं पहिलं वळण? ते रागाचं अखेरचं वळण होतं, स्वर न् स्वर तोच. सारी हयात रागात घालवून त्याला हे कधी दिसलंच नव्हतं. राग संपतो कुठे आणि गाणं सुरू होतं कुठे, हे कळू नये अशी ती जोडणी थोरल्या बुवांनी करून ठेवली होती.

"हे कुणी शिकवलं तुला?" त्याने विचारलं.

"आईने. पूर्वी वरून यायचं म्हणे. एका बुवांनी बंद केलं. माझा थोरला भाऊ तेव्हा सात वर्षांचा होता. गाणं ऐकून सनई शिकायचा हट्ट धरला होता त्याने. मग गाणंच थांबलं, आणि तोही विसरून गेला. आता गुरं राखतो."

सात वर्षांचा. नागोजीलाही त्याच वयात आईने उखळापाशी बसवलं होतं, आणि त्याच गाण्याच्या ओढीने तो नगारखान्याच्या पायऱ्या चढला होता. रागाची ओढ त्याला वर गेल्यावर लागली होती.

"त्याला बोलावतेस का?" तो म्हणाला.

भाऊ आला. भला माणूस होता. त्याने सनई हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि हळूच परत दिली. "बुवा, आता ही बोटं नाही हो वळायची."

त्यानंतर नागोजी रोज दुपारी भिवराच्या परसात येऊन बसे आणि मान खाली घालून ते गाणं ऐके. एका पावसाळ्यात तोही गेला. त्याच्याबरोबर तीन घटकांचा तो राग गेला. नगारखान्यात आज पारवे घुमतात. रागातलं उरलं ते एवढंच एक वळण, कांडणाच्या गाण्यातलं. आणि ते गाणाऱ्या बायांना ते कशाचं आहे हेही ठाऊक नाही.

म्हणून सांगतो, मोठं काही जपायचं असेल, तर त्याच्याकडे नेणारी लहानशी पायरी आपल्या हाताने मोडू नये.