माळावरचे क्रीडासंकुल

एका जंगलाला लागून मोठा माळ होता आणि त्या माळावर एक सशीण राहत असे. मुलांनो, माळ म्हणजे तिच्या पिल्लांची शाळाच. पळता पळता एकदम वळायचे, हुलकावणी द्यायची आणि झुडपात शिरायचे, हे तिथेच शिकावे लागे. कारण ज्या सशाला वळता येत नाही, त्याला लांडगा म्हातारा होऊ देत नाही. खारी, मुंगसे, हरणे, सगळ्यांची पोरे तिथेच हुंदडत. कुणाला परवानगी लागत नसे.

एके दिवशी कोल्ह्याने सभा भरवली. शेपटीने धुळीत नकाशा काढून तो म्हणाला, "इथे आपण क्रीडासंकुल बांधू. धावायला वाट, पोहायला तळे, माकडांना झोके, बसायला पायऱ्या. एकाच भिंतीच्या आत सगळे खेळ." खर्च कुणाचा, असे सशिणीने विचारले. काम सर्वांचे तर भारही सर्वांचा, असे त्याने गोड आवाजात सांगितले. मग मोठे दगड रानरेड्यांनी ओढले. त्या जंगलात भिंत कोरडीच रचत; दगड हलू नयेत म्हणून फटींत लहान चिपा ठोकत. त्या चिपा लहान प्राण्यांनी वाहिल्या. सिंहाने शब्द दिला, कोल्ह्याने सल्ला दिला. सशिणीने पिल्लांच्या तोंडचे गवत रेड्यांना घातले आणि दातांत धरून आणलेल्या चिपा स्वतः बसवल्या. पोरांचे भले होईल, या एका आशेवर ती राबली.

झाले काय? पायऱ्यांनीच निम्मा माळ खाल्ला. तळ्याचे पाणी झिरपून धावायच्या वाटेवर चिखल झाला. सिंहाचे सावलीतले आसन तेवढे झकास जमले. उद्घाटनाला सिंहाच्या भाच्याचे लग्न लागले, मग तरसांची मेजवानी, मग आणखी कुणाचा सत्कार. पिल्ले दाराशी गेली की कोल्हा म्हणे, आज कार्यक्रम आहे, उद्या या. निर्लज्जाला सबबींचा काय तोटा! तो उद्या काही उजाडला नाही. पिल्ले झुडपाशीच बसून राहिली. एका संध्याकाळी लांडगा आला. थोरले पिल्लू सरळ रेषेत पळाले. त्याला वळता आले नाही.

सशीण रडत बसली नाही. ती तडक संकुलाच्या दाराशी गेली. आत पंगत बसली होती. कोल्ह्याने तिला बाजूला व्हायला सांगितले.

"तुमचे चालू द्या," सशीण म्हणाली. "मी माझी चीप न्यायला आले आहे."

कोल्हा हसला. "ने की. एवढ्याशा चिपेने काय होणार आहे?"

तिने चीप दातांत धरून उपसली. वरचा दगड डुगडुगला. मागोमाग खारी आल्या, मुंगसे आली, उंदीर आले. ज्याने त्याने आपापली चीप ओळखून काढली, आणि पंगत आटोपायच्या आत भिंत धडाधड कोसळली. सिंह आसन सोडून पळाला. त्याच्याही पुढे कोल्हा होता.

सकाळी उरलेली पिल्ले पडलेल्या दगडांमधून वळणे घेत धावू लागली. सशीण त्यांच्याकडे पाहत होती. थोरले त्यांत नव्हते, आणि ते तिने कोल्ह्याला कधीच माफ केले नाही.

तात्पर्य : ज्यांच्या घामावर इमारत उभी राहते त्यांनाच दाराबाहेर ठेवणाऱ्याने, त्या इमारतीखाली निर्धास्त बसू नये.