अध्यक्षांचा भरवशाचा माणूस

शप्पथ सांगतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे त्या दिवशी मी गावाला गेलो होतो, पण पाहिलं.

इंदुताई खासनीसांची किल्ली हरवली आणि त्या स्वतःच्याच दाराबाहेर अडकल्या. आत लेकीच्या लग्नाचे दागिने. त्यांना ओळखीचा किल्लीवाला हवा होता; पण सोसायटीचे अध्यक्ष घोरपडेसाहेब गरजले, "तो आधी शेजाऱ्यांना बोलावून घर कुणाचं ते विचारतो. असले नखरे इथे चालणार नाहीत! माझाच माणूस येईल. एका शब्दानं विचारत नाही, दार उघडून मोकळा होतो."

हुकूम सोडून साहेब खाली ऑफिसात गेले. ताईंचं डोकं तडकलं. साहेबांचा माणूस जिना चढून आला, तेव्हा त्या समोरच्या, साहेबांच्याच कुलूपबंद दारापाशी उभ्या होत्या.

"उघड रे बाबा."

त्यानं उघडलं. तेवढ्यात साहेब वर आले आणि किंचाळले, "माझं घर कुणी उघडलं?"

"तुमच्याच माणसानं," ताई कडाडल्या. "मी कोण, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. आता माझं दार याला दाखवू का?"

साहेबांनी मुकाट्यानं ताईंच्या किल्लीवाल्याला बोलावलं आणि हात जोडून माफी मागितली.

माफीचं तेवढं मी पदरचं घातलंय. असली माणसं माफी मागतात होय?